पेव भरायचं तर काठोकाठ: बट्सरच्या शेतातलं एक प्रकरण

1972 साली इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात, बट्सर नावाच्या डोंगराच्या एका सोंडेवर, पीटर रेनॉल्ड्स यांनी शेती सुरू केली. आजची नव्हे, इसवी सनापूर्वी 300 च्या सुमाराची. लोखंड वापरात आलेलं, पण रोमन सैन्याने ब्रिटन जिंकायला अजून तीनेकशे वर्षं अवकाश, असा तो काळ. त्या काळचा शेतकरी जे पेरत असेल ते पेरायचं, ज्या जनावरांच्या जवळपासची जनावरं आज मिळतील ती पाळायची, उत्खननात सापडलेल्या खांबांच्या खळग्यांवरून घरं उभी करायची. आणि हे सगळं मोजायचं. पाऊस, थंडी, उगवण, उतारा, नासाडी, सगळं रोजच्या रोज वहीत.

रेनॉल्ड्स मुळात ग्रीक-लॅटिन शिकवणारे शिक्षक. शेतीच्या इतिहासात रस असलेल्या पुरातत्त्वज्ञांची एक समिती होती, तिने त्यांना या कामावर नेमलं. 2001 साली त्यांचं निधन झालं, तोवर ते या शेताचे संचालक होते. तीस वर्षांत तिथे नाना उद्योग झाले. मी इथे त्यातला एकच घेतो: जमिनीतले धान्याचे खड्डे. एक तर त्यातून निघालेलं उत्तर सगळ्यांत स्वच्छ आहे. दुसरं असं की हे प्रकरण वाचताना मराठी माणूस पहिल्याच पानावर मनात म्हणतो, अहो, हे तर पेव!

खड्डे कशाचे?

दक्षिण इंग्लंडातल्या खडूच्या मऊ दगडात लोहयुगीन वस्त्यांच्या जागी हजारो खड्डे सापडतात. कुठे सरळ पिंपासारखे, कुठे तोंड अरुंद आणि पोट सुटलेलं, घागरीसारखे. कमरेएवढे खोल, पुरुषभर खोल, क्वचित त्याहूनही खोल. हॅम्पशरमध्येच डेनबरी नावाचा एक टेकडी-कोट आहे. तिथे 1969 पासून वीस उन्हाळे उत्खनन चाललं आणि दोन हजारांहून जास्त खड्डे निघाले.

आधीच्या पिढीतल्या बऱ्याच अभ्यासकांना वाटायचं की ही माणसांची घरं. खड्ड्यात हाडं सापडतात, खापरं सापडतात, राख सापडते, तेव्हा लोक खड्ड्यातच राहत असणार. त्यावरून त्या लोकांविषयी एक मतही बनून गेलं होतं, ते काय असेल हे सांगायला नको. हा समज मोडला गेरहार्ड बेर्सू या जर्मन पुरातत्त्वज्ञाने. नाझींनी त्याला पदावरून काढलं होतं. 1938-39 मध्ये सॉल्सबरीजवळच्या लिटल वुडबरी इथे त्याने निव्वळ खड्डे न खणता मोठा पट्टा उघडा केला आणि खांबांच्या खळग्यांची वर्तुळं दाखवली. घर ते होतं, चांगलं मोठं, गोल, लाकडी. खड्डे घराच्या आसपासचे, आणि ते धान्यासाठी. (पुढे युद्ध सुरू झालं आणि याच माणसाला इंग्रजांनी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅन बेटावर ठेवलं. तिथेही त्याने बरोबरच्या बंदिवानांना घेऊन उत्खनन केलं.)

पण धान्यासाठी म्हणजे नेमकं कसं? इंग्लंडचा हिवाळा ओला. खडूचा दगड पाणी धरून ठेवतो. अशा भोकात जव ओतून वर झाकण ठेवलं तर वसंतात काय हाती येणार? कुणी म्हणे धान्य आधी भाजून घेत असतील. कुणी म्हणे खड्ड्याला आतून विणलेल्या काठ्यांचं किंवा मातीचं अस्तर असणार. खड्डा दोनचार वर्षांत आंबतो, बुरसटतो, मग दुसरा खणावा लागतो, म्हणून तर इतके खड्डे, असाही एक तर्क होता. या शेवटच्या तर्कावर बरीच गणितं उभी होती. खड्डे मोजा, प्रत्येकाचं आयुष्य धरा, त्यावरून धान्य किती, शेत किती, माणसं किती.

जुन्या ग्रंथांत पुरावे होते. रोमन लेखक व्हॅरो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहून गेला आहे की जमिनीखालच्या कोठारात हवा शिरू दिली नाही तर गहू पन्नास वर्षं टिकतो. त्याने आणखी एक गोष्ट लिहिली आहे: असं कोठार उघडल्यावर लगेच आत उतरू नये, गुदमरून माणसं मेली आहेत. रेनॉल्ड्स यांनी आयुष्याची सुरुवातच लॅटिनवर केलेली, त्यांच्या दृष्टीला हे पडलं नसेल असं होणार नाही. पण व्हॅरो लिहितो कोरड्या प्रदेशांबद्दल. हॅम्पशरच्या चिखलात ते कितपत लागू?

भरलं, बुजवलं, थांबले

हा प्रयोग करणारे रेनॉल्ड्स पहिले नव्हेत. साठच्या दशकात विल्टशरमध्ये ब्रॉड चॉक इथे दोघा अभ्यासकांनी जमिनीत धान्य पुरून पाहिलं होतं, आणि बट्सरला यायच्या आधी स्वतः रेनॉल्ड्स यांनीही वूस्टरशरमध्ये खड्डे खणले होते. बट्सरला फरक पडला तो सातत्याचा. एक हिवाळा नव्हे, हिवाळ्यामागून हिवाळे. एक खड्डा नव्हे, वेगवेगळ्या आकारांचे, अस्तराचे, बिनअस्तराचे.

कृती सांगायला सोपी आहे. शरदात खड्डा खणायचा किंवा मागच्या वर्षीचा साफ करायचा. धान्य ओतायचं, अगदी गळ्यापर्यंत. वर ओल्या चिकणमातीचा जाड थर, त्यावर पुन्हा मातीचा ढीग, जेणेकरून खालची चिकणमाती वाळून तडकणार नाही. झालं. आत सोडलेल्या नळ्यांतून हवा तपासायची, तापमान घ्यायचं, आणि वसंताची वाट पाहायची.

आत जे घडतं ते मात्र बघण्यासारखं आहे. धान्य जिवंत असतं. दाणा श्वास घेतो, मंदपणे का होईना. भिंतीला टेकलेल्या दाण्यांना दगडाची ओल लागते आणि ते मोडावतात. मोड येताना ते झपाट्याने प्राणवायू खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. झाकण घट्ट असेल तर नवा प्राणवायू येत नाही. थोड्याच दिवसांत आतली हवा अशी होते की मोडांची वाढ थांबते, किडे मरतात, बुरशीची वाढ खुंटते. भिंतीलगत मोडांचा आणि बुरशीचा एक पातळ पापुद्रा तयार होऊन बसतो, एखाद्या कवचासारखा, आणि त्याच्या आत बाकीचं सगळं धान्य झोपी जातं. म्हणजे थोडं धान्य स्वतः नासून उरलेलं राखतं.

वसंतात खड्डे उघडले तेव्हा, जिथे झाकण नीट राहिलं होतं तिथे, पापुद्रा सोडला तर धान्य चांगलं निघालं. खायला चांगलं हे एक झालं. पेरून पाहिलं तर उगवण नव्वद टक्क्यांच्या घरात. भाजलेलं धान्य उगवत नाही, तेव्हा भाजून भरायची गरजच नव्हती. अस्तराने काही विशेष साधलं नाही. आणि तोच खड्डा पुन्हा पुन्हा वापरता आला, तो आंबला वगैरे नाही. खड्ड्यांच्या संख्येवरून माणसं मोजणाऱ्यांची पंचाईत झाली ती इथे.

डेनबरीचाच हिशोब करून बघा. कोट सुमारे साडेचारशे वर्षं वस्तीत होता. सापडलेले खड्डे दोन हजार चारशे धरले आणि प्रत्येक एकदाच वापरला असं मानलं, तरी वर्षाला पाच-सहा खड्डेच येतात. एकेक खड्डा दहा वर्षं वापरला असेल तर वर्षाला भरलेले पन्नासहून जास्त. उत्तर दसपट हलतं, आणि ते हलवणारी गोष्ट एकच: खड्डा आंबतो की नाही.

फसलेले खड्डेही होते, आणि माझ्या मते खरा धडा त्यांतच आहे. झाकणाला चीर गेली, पाणी मुरलं, की खेळ खलास. प्राणवायू आत गेला की सगळं धान्य एकदम जागं होतं, तापतं, कुजतं. खड्डा अर्धाच भरला तरी तेच, कारण वर मोकळी हवा राहते आणि दाण्यांना ती संपवेपर्यंत बराच वेळ मिळतो. म्हणून काठोकाठ भरायचं. आणि एकदा फोडलं की सगळं उपसायचं. आज दोन पायल्या काढल्या, झाकण लावलं, पुढच्या आठवड्यात आणखी दोन, असं चालत नाही.

हे एक वाक्य इतिहासकारांना फार महागात पडलं असणार. कारण त्याचा अर्थ असा की हे खड्डे रोजच्या स्वयंपाकाचे नव्हेतच. दीड मीटर व्यास आणि दीड मीटर खोली धरली तर स्वच्छ गहू जवळजवळ वीस क्विंटल मावतो, टरफलासकटचा भरला तर बराच कमी. इतकं धान्य एका दिवशी वर काढायचं म्हटलं तर त्यामागे काही कारण लागतं. पेरणीचं बियाणं, किंवा कुणाला तरी मोठ्या मापाने द्यायचं असलेलं धान्य. देवघेव, कर, व्यापार, काहीही म्हणा. रोजच्या जेवणाचं धान्य दुसरीकडे असणार. त्याचीही खूण त्याच वस्त्यांत आहे: चौकोनात गाडलेल्या चार खांबांचे खळगे, ज्यांवर जमिनीपासून उचललेलं कोठार असावं असं मानतात. खड्डा मोठा असेल तितका नासाडीचा वाटा कमी, कारण पापुद्रा भिंतीपुरताच असतो. ज्याच्याकडे जास्त धान्य आहे त्यालाच हा धंदा परवडतो. खड्ड्यात राहणाऱ्या रानटी लोकांपासून निघालेली गोष्ट अशी वाढाव्याचं धान्य सांभाळणाऱ्या, हिशोबी शेतकऱ्यांपर्यंत आली.

आमच्या चौकातलं

आता घरचं. मिरजेच्या पूर्वेला आमच्या आजोळी चौकाच्या कोपऱ्यात पेव होतं. मी पाहिलं तेव्हा ते वर्षाआड भरलं जायचं, आणि माझ्या आठवणीत ते फक्त एकदाच उघडलेलं आहे. वरची माती कुदळीने काढली, फरशी सरकवली, आणि जो वास आला तो मला आजही सांगता येत नाही. आंबूस, उबट, थोडासा ताडीसारखा. आम्ही पोरं पुढे सरकलो तर आजोबांनी हाताने मागे लोटलं. गडी धोतर खोचून उतरायच्या बेतात होता. आजी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "आवो, आधी कंदील सोडा की! मागल्या खेपंला काय झालं हुतं?" मागल्या खेपेला काय झालं होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. कंदील दोरीने खाली गेला, आणि विझला. मग ज्वारी दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली. तोवर पेव तसंच उघडं, आणि आम्हाला चौकात यायला बंदी.

कडेची ज्वारी काळपट, गुठळ्यांची. ती वेगळ्या पोत्यात, म्हशीसाठी. कडेने कडब्याचा आणि भुसाचा थर होता तो भिजलेल्या चटईसारखा सोलून निघत होता. मधली ज्वारी किंचित पिवळसर. तिच्या भाकरीला दोन-तीन महिने तो वास राहिला. मावशी नाक मुरडायची. आजोबा म्हणायचे, "पेवातली हाय, पर किडा हाय का एक तरी?" नव्हता.

म्हणजे बघा, काठोकाठ भरायचं, कडेचं टाकायचं, एकदम उपसायचं, आधी कंदील सोडायचा, हे सगळं त्या घरात ठाऊक होतं. घरात रोजच्या दळणाला कणगी होती, वर्षाच्या बेगमीला बळद होतं, आणि पेव हे यापलीकडचं. दर वाढायची वाट पाहायची असेल, किंवा दुष्काळाची धास्ती असेल, तर पेव. हॅम्पशरच्या खड्ड्यांविषयी जे शोधायला इतके हिवाळे गेले ते आजी दारातून ओरडून सांगत होती. भाषेतही ते बसलेलं आहे. 'अमक्याचं पेव फुटलं' म्हणतो आपण, क्लासेसचं, बाबा-बुवांचं. एकदम भसाभसा बाहेर येणं. थोडं थोडं बाहेर येणाऱ्या गोष्टीला कुणी पेव फुटलं म्हणत नाही, कारण पेव तसं निघतच नाही.

मात्र याच्यावरून 'आपल्याला सगळं आधीच माहीत होतं' म्हणून मिशीला पीळ देऊ नये. आजीला काय करायचं ते माहीत होतं. कंदील का विझतो ते तिच्या मते 'पेवातल्या वाफेनं'. किती नासलं याचं माप कुणी ठेवलं नाही. मधल्या ज्वारीची उगवण किती, हे कुणी पाहिलं नाही, कारण आमच्याकडे बियाणं पेवात नसायचंच. निवडक कणसं चुलीच्या वर आढ्याला टांगलेली असत, धुरात. आणखी एक फरक. इंग्लंडचं धान्य शरदात पुरायचं आणि गारठ्यात झोपवायचं. आपली ज्वारी माघ-फाल्गुनात निघणार आणि तिला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढायचे. थंडीचं काम आपल्याकडे कोरड्या मुरमाला करावं लागतं. तेव्हा बट्सरचे आकडे इथे चिकटवता येत नाहीत, आणि आपले आकडे मुळात नाहीतच.

हरिपूरचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळदीची पेवं होती, शेकड्यांनी. सांगलीचा हळदीचा बाजार त्यांच्या जोरावर वाढला. 2005 च्या महापुरात पाणी शिरलं आणि पेवांचं मोठं नुकसान झालं. व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळायला लागलेलाच होता. पण हळद पेवात का टिकते, याचं उत्तर ज्वारीच्या उत्तरावरून देता येत नाही. ज्वारीचा दाणा जिवंत असतो. हळद शिजवून वाळवलेली, ती काय श्वास घेणार? तिथे प्राणवायू कोण संपवतं, की तिथे खरं काम निव्वळ कोरडेपणाचं आणि कीड आत न जाण्याचं आहे? एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने दोन पेवं, दोन नळ्या आणि एक तापमापक घेऊन दोन वर्षं काढली तर हे कळेल. अट एवढीच की पेव शिल्लक असायला हवं.

धूर आणि खपली

बट्सरच्या बाकी कामाचं थोडक्यात सांगतो, म्हणजे खड्डे कुठे बसतात ते कळेल.

डॉर्सेटमधल्या पिम्पर्न इथे एका मोठ्या गोल घराचे खळगे सापडले होते, व्यास जवळपास तेरा मीटर. त्यावरून 1976 च्या सुमारास तेवढंच घर उभं केलं. दोनशेहून जास्त झाडं लागली. छप्पर कसं घालायचं यावर आधीपासून एक ठाम समज होता की मधोमध धुराला भोक असणारच. त्यांनी भोक ठेवलंच नाही. धूर छपराच्या आतल्या बाजूला साठून राहतो आणि गवतातून हळूहळू झिरपतो, माणसाच्या डोक्याच्या बराच वर. भोक ठेवलं तर वारा खेचला जाऊन ठिणग्या वर जातील आणि गवत पेटेल. ज्यांच्या घरी चुलीवर कौलं काळी झाली आहेत त्यांना यात नवल नाही. त्या धुराचा उपयोगही आपल्याला माहीत आहे, ती टांगलेली कणसं आठवा. 1987 च्या ऑक्टोबरात दक्षिण इंग्लंडात वादळाने लाखो झाडं पाडली, पण हे घर उभं राहिलं. 1990 साली ते मुद्दाम उतरवलं, आणि उतरवताना पुन्हा उत्खनन केल्यासारखं तपासलं: चौदा-पंधरा वर्षं वापरलेल्या घराची जमिनीत खरी खूण काय उरते?

शेतात मुख्य दोन गहू होते, एमर आणि स्पेल्ट. एमर म्हणजे आपली खपली. सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात जिच्या खिरीसाठी आणि पुरणपोळीसाठी लोक दाम मोजतात तीच. मळणी केली तरी दाणा टरफलातून सुटत नाही, कांडावाच लागतो, आणि त्या टरफलामुळेच तो साठवणीत टिकाऊ. ओंब्या एकसारख्या उंचीच्या येत नाहीत, म्हणून विळ्याने भराभर कापण्यापेक्षा ओंब्या हाताने खुडणं सोयीचं पडतं, असं तिथे आढळलं. नांगर डेन्मार्कच्या दलदलीत सापडलेल्या लाकडी नांगराच्या नमुन्यावर केलेला. तो माती उलटत नाही, फाडत जातो, आपल्या देशी नांगरासारखा. ओढायला डेक्स्टर जातीची बुटकी आयरिश गुरं, कारण लोहयुगातली मूळ जात संपली आहे. मेंढ्या स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवरच्या सोए जातीच्या. त्यांची लोकर कातरत नाहीत, मोसमात हाताने उपटली तरी निघते.

खत न घालताही उतारा हेक्टरी दोन टनांच्या आसपास येत राहिला आणि इथे वाद पेटला. मध्ययुगीन इंग्लंडात एवढं पिकत नव्हतं, मग त्याच्या हजार-दीड हजार वर्षं आधी कसं पिकेल? रेनॉल्ड्स यांचं म्हणणं, पिकत असणार, म्हणूनच इतके खड्डे लागले. विरोधकांचं म्हणणं, तुमची वाफ्याएवढी रानं, ओळीत पेरणी, वेळच्या वेळी खुरपणी. खऱ्या शेतकऱ्याला पन्नास कामं असतात आणि आजारी पोरगं असतं. मला विरोधकांचं पटतं. खुरपणीला मजूर मिळाला नाही म्हणजे शेताचं काय होतं ते ज्याने पाहिलंय तो दोन टनांचा आकडा संशयानेच घेणार. पण खड्ड्यांच्या निष्कर्षाला या वादाने धक्का लागत नाही. दाण्याचा श्वास मजुरीवर अवलंबून नसतो. एकाच माणसाच्या एकाच शेतात एक उत्तर पक्कं आणि दुसरं कच्चं असू शकतं, ते वेगळं ठेवता आलं पाहिजे.

रेनॉल्ड्स स्वतः या बाबतीत कडक होते. जुन्या काळची वेशभूषा करून जुन्या काळात राहून बघणं याला ते प्रयोग म्हणत नसत. 1978 साली बीबीसीने एक मालिका दाखवली होती, त्यात काही जोडपी मुलांसह वर्षभर लोहयुगीन वस्तीसारख्या वस्तीत राहिली. लोकांना ती आवडली. पण त्यातून कळतं ते विसाव्या शतकातल्या माणसाला फ्रिज नसला की कसं वाटतं ते. बट्सरला काम करणारी माणसं साध्या कपड्यात, पायात गमबूट. घराला ते 'पुनर्रचना' म्हणायलाही तयार नसत, नुसती 'रचना' म्हणत. कारण मूळ घर कुणी पाहिलेलं नाही, पुन्हा कशाचं करणार?

कोल्हापूरजवळ कणेरी मठावर गावगाड्याचे पुतळे आहेत. सिमेंटचे, पण नजर ठरत नाही इतके हुबेहूब. कुंभार, लोहार, चांभार, मोट हाकणारा, दळणारी बाई. माझी आई तिथे अर्धा तास एका जात्यापुढे उभी होती. खुंटा कसा धरलाय, पाय कसा लांब केलाय, सगळं बरोबर म्हणाली. शहरातल्या नातवंडांना दाखवायला याहून चांगली जागा नाही. फक्त त्या जात्यातून पीठ पडत नाही, त्यामुळे एका तासात किती दळतं आणि खपली दळताना किती जड जातं, हे तिथे विचारता येत नाही. आईला विचारलं तर ती सांगते. तिच्यानंतर जातं फिरवून बघावं लागेल, आणि ते सुद्धा टाकी लावणारा पाथरवट मिळाला तर.

1991 मध्ये बट्सरचं शेत जवळच्याच चॅल्टन गावाबाहेर हललं. रेनॉल्ड्स गेल्यावरही ते चालू आहे. आता तिथे नवाश्मयुगापासून सॅक्सन काळापर्यंतची घरं आहेत, एक रोमन वाडाही आहे, शाळांच्या सहली येतात. पहिल्या तीस वर्षांचा तो मोजमापाचा हट्ट तसाच राहिलाय का, हे दुरून सांगणं बरोबर नाही.

आमच्या आजोळचं पेव 1986 साली बुजवलं. चौकात मोटरसायकल लावायची होती आणि फरशी डुगडुगत होती. मामाने दोन ट्रॉल्या मुरूम आणला, पण तो पुरला नाही, तेव्हा घरातलं जे नको ते टाकलं: फुटकी कौलं, कणगीचा कुजलेला बूड, एक जुनं निरंजन, म्हशीची शिंगं, चुलीतली राख. वरून पाणी मारून घट्ट केलं. तरी दर पावसाळ्यात तिथली जमीन बोटभर खचते, आणि गोल वर्तुळ स्पष्ट दिसतं.